एका दिवसाच्या फुलांचा हार

सोनावहिनींच्या घरी जाताना आधी पायाखाली बघावं लागे. दाराच्या उजव्या हाताला, शेवग्याच्या सावलीत, त्यांची लिली पसरली होती. तिच्या पानावर पाय पडला तर वहिनी चहा देत, पण साखर कमी घालत.

कर्जतजवळ उल्हास नदीच्या काठाला आमची बौद्धवस्ती. वहिनींचे यजमान सहदेव माझे दोस्त. ते माथेरानला एका पारशीणबाईंच्या बंगल्यावर माळी होते. मी तेव्हा कलापथकात बायकांची कामं करायचो. त्यामुळे साडी कशी नेसावी, यावर वहिनींचं नि माझं हक्काचं भांडण चाले. त्या मला भावजी म्हणत आणि माझ्या पदराला नावं ठेवत.

लिली आमच्याकडे आली ती गोणपाटातून. बंगल्यातले वाफे दाटले की सहदेव गड्डे उपटून फोडत, हवे तेवढे परत लावत आणि उरलेले दरीत टाकत. एकदा मात्र त्यांनी ते बांधून घेतले, डोंगर उतरून नेरळला गाडी धरली आणि घरी आणून ओसरीवर ओतले. मुळांना बोटभर गाठी होत्या. वहिनींना वाटलं, उकडून खायचे करांदे आणले. त्यांनी चुलीवर पाणीसुद्धा ठेवलं.

"थांब गं, खायचं नाय ते," सहदेव म्हणाले.

"मग एवढं वझं कशाला वाहिलंत?"

"फूल येतं."

"कोंबडीला येतं का खायला?" वहिनींनी विचारलं आणि उकळतं पाणी चहाला वापरलं.

पण फूल आलं तेव्हा वहिनी हरल्या. गवती चहासारख्या पानांतून लांब दांडा वर आला, त्याला कळ्यांचा घोस लागला आणि एका सकाळी शेंदरी फूल उघडलं. आत पिवळा गळा, हळद लावल्यासारखा. संध्याकाळी बघतात तर मिटलेलं. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उघडली. सहदेवांनी सांगितलं की प्रत्येक फुलाचा एकच दिवस असतो. त्याच्या आदल्या दिवशी ते नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मी आयुष्यभर रंगमंचावर वावरलो, पण एकाच प्रयोगासाठी इतका नटूनथटून येणारा नट दुसरा पाहिला नाही.

हे कळायला वस्तीला एक बुद्धपौर्णिमा वाया घालवावी लागली. आमच्याकडे हाराची फुलं आदल्या संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात ठेवायची रीत. शेजारच्या धोंडूबाईंनी त्याच रीतीने पाटीभर लिली खुडली. सकाळी फडकं सोडलं तर आत भिजल्या चिंध्या. धोंडूबाई म्हणाल्या, "सोने, तुझ्या नवऱ्याने माथेरानवरनं नखरेल बाई आणलीय. रातच्याला थांबत नाय."

"घरंदाज हाय म्हणून थांबत नाय," वहिनींनी उत्तर दिलं.

त्यांची मुलगी इंदू तेव्हा रांगत होती. तिला वाफ्यातून उचलताना सहदेव म्हणाले होते, "हिच्या लग्नाला बाजारातला हार आणायचा नाय. माझ्या लिलीचाच घालायचा." सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ते ऐकून ठेवलं.

सहदेव इंदूचं लग्न बघायला उरले नाहीत. काविळीने गेले. त्यानंतर वहिनींनी तो वाफा असा सांभाळला की बघत राहावं. तांदूळ धुतलेलं पाणी त्याला, मासळी धुतलेलं पाणी त्याला, पेरणीआधी शेतात भाजलेल्या राबाची राख त्याला. रोज सकाळी मिटलेली फुलं काढायची, नाहीतर दांड्याचा जोर बी धरण्यात जातो. पाऊस सरला की गड्डे फोडायचे आणि पानं वीतभर ठेवून कापायची. हे सगळं सहदेवांनी कधी शिकवलं नव्हतं. ते बोलत असताना वहिनी भाकऱ्या थापत असत आणि तिथूनच ऐकत असत.

पंच्याहत्तर सालच्या मे महिन्यात इंदूचं लग्न ठरलं. मुलगा खालापूर तालुक्यातला, चौकजवळचा. सकाळी दहाला लग्न. वहिनींनी ती वेळ लिलीकडे बघूनच मागून घेतली होती. त्या दिवशी पहाटेच त्यांनी उमललेली सगळी फुलं खुडली आणि धोंडूबाईंना बाजूला बसवून दोन भरगच्च हार गुंफले. पांढऱ्या साडीतली इंदू बघायला आली. म्हणाली, "दादांचा वाफा पार मोकळा केलास गं." तेवढंच म्हणाली आणि आत गेली.

दहा वाजले. वऱ्हाड नाही. बारा वाजले. वहिनी माझ्यापाशी आल्या.

"भावजी, माणसं उठायला लागलीत. तुमी जरा बसवून ठिवा."

कलापथकात हे काम मी पुष्कळ केलं होतं. मी गाणी म्हटली, नकला केल्या, माणसं बसली. पण मंडपातली माणसं बसवता येतात, फुलं नाही. मी गात होतो आणि वहिनी सारख्या फडक्यावर पाणी शिंपडत होत्या. चार वाजता त्यांनी फडकं उचललं, आत बघितलं आणि परत झाकलं.

वऱ्हाड आलं ते दिवेलागणीला. टेंपोचा आस मोडला होता, तो दुरुस्त व्हायला अख्खा दिवस गेला. नवऱ्यामुलाचे वडील वाल्मिकराव उतरले ते हात जोडूनच.

"चुकलं आमचं, विहीणबाई. आता उशीर नको. लगेच लावून टाकू."

इंदूचा मामा हिरामण शहाणा माणूस. दुपारीच स्टेशनाजवळून झेंडूचे दोन हार घेऊन आला होता. तो पुढे झाला. "हार तयार हायेत."

वहिनी म्हणाल्या, "लग्न सकाळी लावू."

नवऱ्यामुलाची आई विमलबाई धुळीने माखलेली होती आणि उपाशी होती. ती म्हणाली, "का वो? आमी उशिरा आलो त्याची शिक्षा हाय का ही?"

"शिक्षा नाय, बाई. तुमाला एक इचारते. तुमी मुहूर्त पाळता का?"

"छप्पन साली धम्म घेतला तवाच सोडला," वाल्मिकराव म्हणाले.

"मग राती काय नि सकाळी काय. आपल्याला अडवणारा कोणी नाय. हिच्या बापाने हिच्यासाठी एक हार सांगून ठेवलाय. सकाळचा केला होता, तो मेला. उद्याच्या कळ्या झाडावर हायेत." मग म्हणाल्या, "जेवायला वाढते. झोपायची सोय वस्ती करील."

वाल्मिकराव बायकोकडे बघू लागले. विमलबाईंनी विचारलं, "कुठली कळी? दाखवा बरं."

दोघी कंदील घेऊन वाफ्यापाशी गेल्या. त्या तिथे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर विमलबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सकाळीच लावू. अन् तुमी आता हात धुवा."

पहाटे मी उठलो तर वाफ्याभोवती अर्धं वऱ्हाड उभं. पडदा उघडायच्या आधी प्रेक्षक गप्प होतात, तसे सगळे गप्प. एकेक कळी सैल होत गेली. कोणी बोट दाखवलं की दुसरा हळूच म्हणे, "हात लावू नको रं."

पण फुलं थोडीच निघाली. बहुतेक कळ्या आदल्या दिवशीच उमलून गेल्या होत्या. दोन हार होणं शक्य नव्हतं. वहिनी फुलांकडे बघत राहिल्या.

विमलबाई म्हणाल्या, "एकच करा. तिचा. आमच्या पोराला कालचा झेंडू बास. उशीर त्यानेच केला."

"आई, टेंपोचा आस..." मुलगा म्हणाला.

"गप रं."

दोघी विहिणी मांडीला मांडी लावून गुंफायला बसल्या. त्रिसरण झालं, पंचशील झालं. कोमेजल्या झेंडूत उभ्या राहिलेल्या मुलाने तो शेंदरी हार इंदूच्या गळ्यात घातला. इंदूने मान खाली घालून एका फुलाला बोट लावलं. वहिनी मंडपाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्या काही रडल्या नाहीत. मी मात्र रडलो. आम्हा नटांचं डोळ्यांवर राज्य असतं म्हणतात, ते खरं नाही.

जेवणं उरकली तशी वहिनींनी निघायची घाई लावली. लेकीला कोणी असं हाकलतं का, असं धोंडूबाईंनी तोंडावर विचारलं.

"ऊन चढतंय," वहिनी म्हणाल्या. "हार मिटायच्या आत तिला सासरच्या दारात उभी राहू दे. तिथल्या माणसांनी तो फुललेला बघायला पाहिजे."

मग त्यांनी खुरपं घेतलं, वाफ्याच्या कडेचा एक गड्डा फोडला, पानं वीतभर ठेवून कापली आणि गोणपाटात बांधून टेंपोत इंदूच्या मांडीवर ठेवला.

"दुपारची सावली बघून लाव," त्या म्हणाल्या. "अन् सासूला सांग, करांदे नायत हे."

टेंपो वळणाआड गेला. वहिनी परत येऊन वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि उकरलेली माती हाताने सारखी करू लागल्या.