रुमालाखालचा हात

शेळ्यांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. शेवटी पूर्ण पंजा दाबला की सौदा पक्का. मग तो कुणी मोडत नाही. मी बाई, माझा हात कोण धरणार? त्यामुळे सुरुवातीला माझ्या शेळ्यांचा भाव दुसराच कुणी ठरवायचा आणि मी मिळेल ते घेऊन एसटीने जामखेडहून घरी यायचे. एका बाजाराला मी तो रुमाल ओढून फेकला आणि माझा भाव ओरडून सांगितला. तेव्हापासून मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत. त्याच भांडणावर घर बांधलं, टेम्पो घेतला, पोरी शिकवल्या.

टेम्पोच्या कर्जासाठी गावच्या पतसंस्थेत गेले, तेव्हा चेअरमन मान वर न करता म्हणाले, "भाभी, मालकांना पाठवा."

मालक त्याच वर्षी गेले होते. मी म्हटलं, "कुठून पाठवू? कबरस्तानातून?"

चेअरमनचं ते वाक्य माझ्या अंगातून अजून निघालेलं नाही. त्या खुर्चीत एक दिवस आपण बसायचं, हे मी तिथंच ठरवलं.

पतसंस्थेच्या संचालक मंडळात बायकांना दोन जागा राखीव असतात. त्यातल्या एका जागेवर मी निवडून आले. दुसरीवर आधीपासून एक बाई होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांनी ऑफिसची पायरी कधी चढली नव्हती. सभेला त्यांचे मालक बसायचे आणि सहीसाठी शिपाई वही घेऊन घरी जायचा. पिठाचे हात पदराला पुसून अक्का सही करायच्या. माझ्याकडे वही आली तेव्हा मी शिपायाला तशीच परत पाठवली आणि पुढच्या सभेला स्वतः गेले. आम्हा दोघी बायकांच्या खुर्च्या पाण्याच्या जारजवळ, भिंतीला लावल्या होत्या. माझी मी ओढत टेबलापाशी आणली.

चेअरमन हसले. "भाभी, हितं भाकरी थापायच्या न्हाईत. ठराव हाईत."

"ठरावच थापायला आलेय. तुमचे कच्चे राहतात."

चेअरमनची निवड आली. नियम साधा होता. अर्ज केला की एका संचालकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. अनुमोदन नसेल तर मतदानाआधीच अर्ज बाद. मंडळावरचे एक निवृत्त गुरुजी माझं नाव सुचवायला तयार झाले. अनुमोदनासाठी मी अक्कांकडे गेले, शेळी बघायच्या निमित्ताने. पुढच्या खोलीत त्यांचे मालक बसले होते. गोठ्यात मी हळूच विचारलं तेव्हा अक्का माझ्याजवळ आल्या, माझ्या हातावर पदर टाकला आणि पदराखाली पूर्ण पंजा दाबला. त्यांचे वडील बैलबाजारातले दलाल होते, हे मला तेव्हा त्यांच्याकडूनच कळलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बाजाराच्या रीतीने सौदा केला होता. मी हवेत घरी आले.

निवडीच्या दिवशी अक्का एकट्या आल्या. मोरपंखी साडी, डोक्यावर पदर. पाण्याच्या जारजवळच्या खुर्चीत बसल्या. निवडणूक अधिकाऱ्यांनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "अनुमोदन कोण देतंय? हात वर करा."

अक्कांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला. तेवढ्यात दाराशी खोकला आला. त्यांचे मालक काचेपलीकडे उभे होते. हात छातीपर्यंत येऊन थांबला. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. हात हळूहळू खाली गेला आणि पदरात शिरला.

माझा अर्ज बाद झाला. जुनेच चेअरमन पुन्हा बसले, पेढे फिरले. जिन्यात मी अक्कांना गाठलं. "तुमच्या वडलांनी कधी पंजा मोडला होता का?"

"पुढच्या खेपेला, भाभी," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढची खेप त्यांना मिळाली नाही. पोटाचं दुखणं निघालं, नगरच्या दवाखान्यात ठेवलं, तिथंच वारल्या. मी भेटायला गेले नाही. राग होता, तो अजून आहे. शोकसभेत चेअरमन म्हणाले, कर्तबगार संचालिका गेल्या. मी उठून विचारलं, "त्यांचा आवाज कसा होता, कुणीतरी सांगा." मंडळातल्या एकालाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून त्या ऑफिसात शिरले की माझा उजवा पंजा कुणीतरी दाबतं. सही करताना दाबतं, चहाचा कप धरताना दाबतं. वय झालं म्हणून सोडून द्यावं, तर बाजारात तसं कधी होत नाही.

पुढच्या निवडणुकीत अक्कांची सून त्या जागेवर आली. तोवर पुरुषांची दोन गटांत फाटाफूट झाली होती. मी दोन्हीकडे भाव केला आणि मतं जमवली. नाव गुरुजी सुचवणार होते. अडलं ते पुन्हा अनुमोदनाशी, कारण दुसऱ्याच्या आधी उघडं पडायला एकही गट तयार नव्हता. मी सुनेला विचारलं. "बघते," म्हणाली.

निवडीला ती अक्कांची तीच मोरपंखी साडी नेसून आली. माझ्या शेजारी बसली आणि टेबलाखालून तिने माझा हात धरला. मी हात झटकला, जवळजवळ ओरडलेच, "खाली न्हाई! काय असंल ते वर!"

सगळे बघायला लागले. अधिकाऱ्यांनी अनुमोदन विचारलं. दाराशी तोच खोकला आला. पोरीने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, उभी राहिली आणि हात वर केला. "माझं अनुमोदन हाय." आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मी चेअरमन झाले. जिन्यात ती मला म्हणाली, "भाभी, सासूबाई शेवटी दवाखान्यात सारखा उजवा हात वर करायच्या. आमाला वाटायचं, पानी मागत्यात. पानी दिलं की तोंड फिरवायच्या."

मला तो हात त्या दिवशी, त्या खोलीत हवा होता.

आता कर्ज मागायला आलेल्या बाईला मी तिच्याबद्दलच विचारते, मालकाबद्दल नाही. सून माझ्या शेजारी बसते आणि मोठ्याने भांडते. पाण्याच्या जारजवळची खुर्ची मी हलवू दिलेली नाही. का, ते शिपायाला सांगत नाही. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा," असं म्हटलं की माझी नजर आधी तिकडे जाते. मग मी टेबलावरचे हात मोजते.