अस्वलाच्या पिल्लाचा बसलेला आवाज

सोळा वर्षं ती अस्वलाच्या पिल्लाचा आवाज होती. मुलांचं कार्टून एकच, पण आठ भाषांत निघायचं. आपल्या भाषेतलं पिल्लू ती बोलायची. स्टुडिओत तिला सगळे पिल्लूताईच म्हणत. वय पंचावन्न, गुडघे कुरकुरणारे, पण माइकसमोर उभी राहिली की पाच वर्षांची व्हायची.

एकदा तिचा आवाज बसला तो उठेचना. गुळण्या झाल्या, वाफ घेऊन झाली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. साधीच, पण काढायला हवी होती, आणि नंतर दोन आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नव्हतं. नव्या भागांचं रेकॉर्डिंग तर ऑपरेशननंतर दहाव्याच दिवशी होतं.

ऑपरेशन नीट झालं. घरी ती वहीत लिहून बोलू लागली. "लग्नानंतर पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण होतंय," नवरा म्हणाला. ती हसली नाही. स्टुडिओत तिच्या जागी घ्यायला दुसऱ्या मुलींचे आवाज ऐकून पाहणं सुरू झाल्याचं तिला कळलं होतं.

आठव्या दिवशी फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला.

"ताई, मला तुमचा भाऊच समजा. शेजारच्या भाषेतलं पिल्लू मी बोलतो," एक जाडाभरडा आवाज तिच्या भाषेतल्या मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. "स्टुडिओवाल्यांकडून कळलं. चार वर्षांपूर्वी माझीही अशीच गाठ काढली होती. आवाज परत येतो. थोडा वेळ लागतो, एवढंच."

ती वहीत काही लिहू लागली, तेवढ्यात तोच पुढे बोलला.

"आठही भाषा एकाच दिवशी दाखवतात ना? एक अडली की सगळ्या अडतात. मी महिन्याभराची सुट्टी टाकली आहे. गाठीच्या वेळची सोडली तर इतक्या वर्षांत एकदाही घेतली नव्हती, त्यामुळे नाही कोण म्हणणार? आता सगळ्यांच्याच तारखा पुढे गेल्या. तुम्ही निवांत गप्प बसा."

तिने वहीत काय लिहिलं होतं ते नवऱ्याला वाचता येईना. शाई डोळ्यांतल्या पाण्याने पसरली होती. "ती रडतेय," त्याने फोनवर सांगितलं.

"रडू दे. आवाज न करता रडायला परवानगी असते," पलीकडून उत्तर आलं.

महिन्याने ती स्टुडिओत गेली. वाक्यं जमली. धाकधूक होती ती पिल्लाच्या हसण्याची, कारण ते वर चढत जाऊन शेवटी फुटायचं. पहिल्यांदा मध्येच चिरकलं. ती पाणी प्यायली आणि खांदे सैल सोडून पुन्हा हसली. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने डोक्यावरचे हेडफोन काढले.

"थोडं घोगरं वाटतंय का?" तिने भीत भीत विचारलं.

"किंचित. पण पिल्लू आता पहिलीत गेलंय म्हणायचं," तो म्हणाला. "पुढचं वाक्य घेऊ या, पिल्लूताई."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन भाग झाले. घरी जाताना बसमध्ये तिने त्या भावाला फोन लावला, आणि उतरायचा थांबा मागे गेला तरी दोघं बोलतच होती.