शेठजीचा नारळ आन् किशोरचा डबा

किस्से काही ठरवून जमा होत नाहीत. चार जण चहाले बसले का एक निघते, त्याच्या मांगं दुसरा. आमच्या सौंसरच्या खोलीतले किस्से तं असे, का अजूनही आठवले का हातातला चहा थंडा होते.

ऐंशीनंतरची गोष्ट. किशोर माझा शाळेपासूनचा दोस्त. नागपूरची पक्की मास्तरकी सोडून आला आन् म्हणे, "आपण मशीनले डोकं बसवू." मी साधा वायरिंगवाला. माहं डोकं तवाच गरगरलं.

खरा धक्का त्याच्या मायले बसला. पोराले नोकरी लागली तसं तिनं पांढुर्ण्याच्या जिनिंगमधलं काम सोडलं होतं. त्यानं नोकरी सोडली तशी ती पुन्हा तिथंच, कापसाच्या मशीनवर. किशोर तिले म्हणे, "माय, मशीन चालवणारा माहा पहिला डबा चालू दे, मंग तुले घरीच बसवतो." आन् पहिला डबा त्याच जिनिंगचा होता.

* * *

जिनिंगचे शेठजी डबा पाहाले आले. पत्र्याचा डबा, आत चिप आन् दोन-चार लाइट, बाहेर एक बटन. शेठजीनं टेबलाखालीही वाकून पाहिलं.

"कम्प्युटर कुठी आहे?"

"हाच ना शेठजी."

"आन् टीव्ही?"

किशोर समजावून राहिला होता का हा कम्प्युटर मशीनच्या पोटात राहते, त्याले एकच काम. मोटर चालू करायची, जास्त गरम झाली का बंद करायची. त्याले टीव्ही कायले पाहिजे?

शेठजी म्हणाले, "ते बराबर आहे मास्तर. पण टीव्ही नाही तं पाव्हण्यायले कसं समजन?"

शेवटी पेंटरकडून डब्यावर लाल अक्षरात 'कम्प्युटर' लिहून घेतलं. तवा कुठी ते खुश झाले.

* * *

चिपच्या डोक्यावर काचेची बारीक खिडकी असे. प्रोग्राम पुसायचा असला का तिच्यावर खास दिव्याचा उजेड पाडायचा. एरवी काळी पट्टी चिकटवून ठेवायची.

बोरगावच्या वेल्डरकडं डब्याचं स्टँड करायले गेलो. डबा उघडाच त्याच्या बाजूले ठेवला. गरमीनं पट्टी सुटली होती, ते कोणाच्याच ध्यानात नाही आलं. दिवसभर वेल्डिंग चाललं. खोलीवर येऊन डबा लावला, तं चिप कोरी! महिनाभराची मेहनत गेली. किशोर भिंतीले टेकून खालीच बसला.

वेल्डर शपथा घेऊन सांगे, "भाऊ, म्या तं त्याले हातही नाही लावला."

खरंच नव्हता लावला. त्याच्या वेल्डिंगच्या उजेडानंच सारं पुसून टाकलं होतं.

* * *

मंग शेठजीचा निरोप आला. "लाइट घडीघडी जाते. आली का मशीन आपोआप चालू झाली पाहिजे. बटन दाबायले वेगळा माणूस कायले ठेवू?"

किशोरले हे लय आवडलं. डब्यात एक सेल बसवला. लाइट गेली तरी डब्याले याद राहे, का मशीन चालू होती म्हणून. खोलीत मोटरच्या जागी बल्ब लावून पाहिला. तार काढली, बल्ब विझला. तार लावली, बल्ब आपोआप पेटला. किशोर लेकरासारखा हसून राहिला होता.

माय सुट्टीच्या दिवशी खोलीवर आली होती, चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "लाइट गेली का आमालेही बरं पडते बाबू. रोलरमधी अडकलेला कापूस काढता येते."

किशोरचं लक्ष बल्बाकडं होतं. माहंही तिकडंच होतं.

* * *

उद्घाटनाले शेठजीनं मोठी पूजा मांडली. किशोरनं बटन दाबलं, मशीन चालू झाली, पाव्हण्यायनं टाळ्या वाजवल्या. मंग शेठजीनं नारळ उचलला. आमाले वाटलं उंबऱ्यावर फोडतीन. त्यायनं सरळ डब्यावर हाणला! सारं पाणी डब्याच्या जाळीतून आत.

किशोर ओरडला, तेवढ्यात लाइट गेली. मशीन थांबली. माय आन् तिच्यासंगच्या बाया रोजच्या सवयीनं मशीनकडं वळल्या. आमी दोघं रुमालानं डबा पुसून राहिलो होतो.

लाइट आली. बल्ब लागले, पंखा फिरला. मशीन मात्र ढिम्म. पाव्हणे एकमेकाकडं पाहाले लागले. किशोरचं तोंड पांढरंफटक पडलं. "नारळानं घात केला बे," तो मले म्हणाला. घाईघाईत झाकण काढलं, चिपवरचं पाणी टिपलं, फुंकर मारली. डब्यातला लाइट लागला, पण पाण्यानं त्याची याद गेली होती.

"झालं शेठजी. आता फक्त बटन," किशोर म्हणाला आन् त्यानं अंगठा उचलला.

मांगून त्याच्या मायचा आवाज आला. "जराक थांब ना बाबू. माहा हात आतच आहे."

किशोरनं वळून पाहिलं. मीही पाहिलं. कोपरापर्यंत आत होता.

"दाब ना मास्तर," शेठजी म्हणाले, "पाव्हणे उभे आहेत."

मायनं सावकाश हात बाहेर काढला, कापूस झटकला. किशोर तिच्या बोटांकडं पाहून मले म्हणाला, "नारळ नसता फुटला तं लाइट आल्याबरोबरच चालू झाली असती बे." मंग त्यानं पूजेच्या ताटातला दुसरा नारळ उचलला आन् सगळ्यांसमोर आपल्याच डब्यावर फोडला.