पाणबुडीच्या नोंदवहीतलं एक पान

बायकोला मी लग्नाआधीची सगळी प्रकरणं सांगितली आहेत. हे मात्र नाही. तुम्हीच पहिले.

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारी मार्था राहायची. पंच्याऐंशीची, एकटी. तिचे आजोबा पहिल्या महायुद्धात एका मालवाहू जहाजावर खलाशी होते. ते जहाज जर्मनांच्या पाणबुडीनं बुडवलं. अगदी सुरुवातीच्या पाणबुड्यांपैकी ती — रॉकेलवर चालणारी, वर आली की पांढरा धूर ओकणारी. असल्या खटाऱ्यानं किती जहाजं गिळली! मग एकदा निघाली ती स्वतःच परतली नाही. मार्थाच्या आईनं घरात कधी जर्मन वस्तू येऊ दिली नाही. मार्थाला एकच जाणून घ्यायचं होतं — आजोबा पाण्यात असताना त्या लोकांनी काय केलं?

पाणबुडी बेपत्ता होण्याआधीच बंदरात जमा झालेल्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत तिच्याकडे होती. आमच्याकडे गणपतीच्या जेवणाला आली तेव्हा तिनं तो विषय काढला, आणि मराठी मंडळाच्या जोशीकाकांनी मला पुढे ढकललं. "मार्था, आस्क हिम! आमचा सुहास पुण्यात जर्मन शिकलाय. फर्स्ट क्लास!"

शिकलो होतो — कॉफी मागण्यापुरतं. पानावर जुनं, गिचमिड हस्ताक्षर. मोडी न येणाऱ्यानं पेशव्यांचं दप्तर उघडावं तशी गत. एक शब्द लागेना. पण चारचौघांत 'येत नाही' म्हणायचं? मी? आठवड्यानं मनानंच लिहून दिलं: पाणबुडी थांबली, दोर टाकले, समुद्र खवळलेला होता, कुणी हाती लागलं नाही, कप्तानानं टोपी काढली.

मार्था रडली. त्या ख्रिसमसला तिनं आयुष्यात पहिल्यांदा जर्मन केक आणला, आम्हालाही दिला. मी खाल्ला.

मग धास्ती बसली — दुसऱ्या कुणी ते पान वाचलं तर? ऑफिसच्या एका जर्मन सहकाऱ्याला फोटो पाठवला. त्याच्या आजीला ते जुनं वळण वाचता यायचं. उत्तरात मोजक्याच ओळी आल्या. पाण्यात माणसं. हाका बराच वेळ. त्या थांबेपर्यंत जवळच राहिलो. जेवण. पुढे निघालो.

मी तो मेल डिलीट केला. रोज सकाळी मार्था अंगणातून हात हलवायची आणि मीही हलवायचो. वर्षानुवर्षं.

गेल्या वर्षी ती हॉस्पिसमध्ये होती. मला बोलावून म्हणाली, ते पान वाचून दाखव. खरं सांगायची ती शेवटची वेळ होती. तिची दया आली म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा पटवून पाहिलंय. खोटं आहे ते. तिची मुलगी खोलीत होती, आणि मला माझी फजिती नको होती. बस. त्या घराचा राग खरा होता — माझ्या फुशारकीपायी मी तो त्यांच्याकडून काढून घेतला.

मी वाचलं. सगळं, टोपीसकट. मग तिनं विचारलं, "डिड ही कॉल आउट फॉर लाँग?" — फार वेळ हाका मारल्या का रे त्यानं?

मी कागदावर बोट ठेवलं, एक ओळ शोधल्यासारखं केलं आणि म्हणालो, नाही.