नानाजीचा खरा ताप

आमच्या धनजमध्ये नानाजीले कोणी वाईट म्हणत नाही, फक्त कामाले बोलवत नाही. चौतीस वर्षं झाले, मी या माणसासंग नांदून राह्यली. गोष्टी सांगाव्या तं यायनंच, लोक चहा थंडा करून ऐकतात. पण सोयाबीन सोंगायले आलं का यायले ताप येते. काखेत कांदा दाबायचा, अंग गरम करायचं अन् कण्हत पडायचं. मी थो कांदा काढून त्याचंच बेसन करून वाढो, अन् हे मिटक्या मारत खात.

यंदाई मजूर लागले त्याच सकाळी हे पडले. "रूपे, डोकं फुटून राह्यलं," म्हने. अंग तव्यावानी तापलं होतं. मी आधी काखा तपासल्या. कांदा नाही. म्हटलं, खाऊन टाकला असन. दोनदा ओकले, तं वाटलं चिवडा बाधला. "दार लाव, उजेड सोसत नाही," म्हने. मी दोन्ही दारं सताड उघडले अन् शेतात गेली. असा राग आलता मले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यायनं मले "मामी" म्हटलं. तेवढ्यात आमच्या गावची आशाताई मंजुषा आली. मी म्हटलं, "पाह्य वं, यंदा नवीन नाटक काढलं."

मंजुषा हसली नाही. तिनं यायच्या डोक्याखाली हात घातला अन् हनुवटी छातीले लावून पाह्यली. मान वाकेचना, मानेसंग पाठच उचलली गेली. "रूपाकाकू, हे नाटक जमत नसते," ती म्हने. "मेंदूचा ताप दिसून राह्यला." गाडी तिनंच बोलावली.

कारंजाले इंजेक्शन सुरू करूनच आमाले पुढं वाशिमले पाठवलं. तिथं डॉक्टरीणबाईनं पाठीतलं पाणी काढायले सही मांगतली. आमच्याकडे सारे सांगतात, थे पाणी काढलं का माणूस लुळा पडते. मी म्हटलं, "बाई, हा तसाई कुठं चालते, पण आहे तेवढा राहू द्या."

"लुळा होत नाही, मावशी. औषध चालूच आहे. जंतू कोणता ते कळलं की नेमकं देता येईल."

मी सही केली. पाणी निघालं थे तांदळाच्या धुवणावानी गढूळ.

चौथ्या दिवशी यायनं मले ओळखलं, अन् चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली. मी बाहेर जाऊन पोटभर रडली.

दोन आठवडे इंजेक्शनं चालले. माणूस वाचला, डावा कान गेला. डॉक्टरीणबाई म्हने, एक दिवस आधी आणलं असतं तं कदाचित राह्यला असता. थो एक दिवस मी खाल्ला होता.

घरी आल्यावर मी रोज यायच्या डाव्या बाजूनं बसो अन् म्हणो, "चुकलं माह्यं." हे वळून विचारत, "काय म्हनतं?" "काही नाही, चहा घ्या." शेवटी मन घट्ट केलं, उजव्या बाजूले गेली अन् सारं सांगून टाकलं. दारं उघडले थेई.

नानाजीनं कपातला चहा संपवला. मंग म्हने, "तुहा कायचा दोष? पहिल्या दिवशी मी नाटकच करून राह्यलो होतो. खरा ताप दुसऱ्या दिवशी आला."

पहिल्या दिवशी थे तापलेलं अंग मी माह्या हातानं पाह्यलं होतं. पदरानं डोळे पुसले अन् म्हटलं, "मले तं तवाच वाटलं होतं."