मीटर दादा वाचायचा

देवासच्या आमच्या दुकानात डायोड तपासायला माणसं दोन लागायची. हे काम सगळी दुनिया एकट्याने करते. पण दादाने, माझ्या थोरल्या भावाने, मला तसं शिकवलंच नाही. मीटरचे दोन्ही प्रोब, म्हणजे तारांची लाल आणि काळी टोकं, माझ्या हातात, डोळे डायोडवरून हलवायचे नाहीत. मीटर त्याच्या मांडीवर. प्रोब टेकले की तो वाचायचा, "पाँच सौ बावन." लाल-काळा उलट करून टेकले की, "कुछ नहीं." म्हणजे वीज एकाच दिशेने जाते, डायोड चांगला. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण शाळा हिंदी, त्यामुळे आकडे दोघांच्याही तोंडात हिंदीच.

"मान वळवलीस की प्रोब घसरतो, भिया," तो म्हणायचा (माळव्यात धाकट्यालाही भिया, म्हणजे भाऊच म्हणतात), "मग बस खोटा आकडा घेऊन." त्याचा आणखी एक नियम होता. तपासण्याआधी डायोडचा एक पाय बोर्डातून सोडवायचा. चारही डायोड जोडलेले असले की मेलेला डायोड शेजाऱ्याच्या आड लपतो.

एका गणपतीत मंडळाचा ॲम्प्लिफायर ऐन आरतीच्या दिवशी दुरुस्तीला आला. दादा घरी जेवायला गेला होता. मी शहाणा, म्हटलं आपणच उरकू. एक डायोड बदलला, त्याच्यावरची दिशा दाखवणारी पांढरी पट्टी कुठल्या बाजूला आहे हे बघितलंच नाही. फ्यूज आधीच उडालेला होता, त्या जागी तार गुंडाळली. मंडळाची माणसं दारात घाई करत होती, म्हणून चालू करूनही पाहिलं नाही. मांडवात बटण दाबलं आणि धूर निघाला. ट्रान्सफॉर्मर जळला होता.

मंडळाच्या काकांनी दादाला चारचौघांत नको नको ते सुनावलं. तो म्हणाला, "माझ्याच हातून राहिलं, काका." मी शेजारीच उभा होतो, तोंडातून शब्द काढला नाही. परत येताना त्याने एकदाच विचारलं, "तो डायोड तू लावलास का रे?" मी म्हणालो, "मी हातसुद्धा लावला नाही."

त्याने पुन्हा विचारलं नाही. दिवाळीनंतर तो धारला गेला, वहिनीच्या माहेरगावी, आणि तिथेच दुकान टाकलं. देवासहून धार काही सातासमुद्रापार नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण आमचं बोलणं आईच्या गोळ्या आणि "बाकी ठीक" एवढ्यावर आलं. मी वर्षानुवर्षं एकट्याने प्रोब धरतो, मान वळवतो, प्रोब घसरतो आणि मी स्वतःवरच चिडतो. त्याची फार आठवण येते. बाकी दुकान ठीक चाललं आहे.

गेल्या आठवड्यात तोच ॲम्प्लिफायर पुन्हा आला. ट्रान्सफॉर्मर तेव्हाच बदलला होता, आता आवाज नुसता घुमत होता. मी चारही डायोडांचा एकेक पाय सोडवला आणि प्रोब हातात घेऊन बसून राहिलो. मग काय सुचलं कोण जाणे, दादाला व्हिडिओ कॉल लावला. फोन डब्याला टेकवून मीटरकडे वळवला, म्हणजे त्याला माझं तोंड दिसायला नको.

"दादा, मंडळाचा ॲम्प्लिफायर आलाय. जरा मीटर वाचतोस?"

तो म्हणाला, "पाय सोडवलेस?"

"सोडवलेत."

"लाव."

पहिला, "पाँच सौ अड़तालीस." उलट, "कुछ नहीं." दुसराही चांगला. तिसऱ्याला दोन्हीकडून "कुछ नहीं." तो म्हणाला, "गेला हा. बदल." मी नवा डायोड घेतला, एक पाय बसवला, सोल्डर केलं.

"पट्टी बघितलीस?" त्याने विचारलं.

माझे हात थांबले. "आत्ता बघितली," मी म्हणालो. "तेव्हा नव्हती बघितली, दादा. तो डायोड मीच लावला होता. तुझ्याशी खोटं बोललो."

फोनमधून धारच्या रस्त्यावरची एक मोटरसायकल ऐकू आली.

"तुझं सोल्डर मी ओळखत नाही होय?" तो म्हणाला. "तेव्हा तो ॲम्प्लिफायर घरी आणून उघडला होता मी. चल, चौथा राहिलाय."

मी प्रोब टेकले. मान वळवली नाही, आणि वळवली असती तरी मला त्या वेळी आकडा दिसला नसता.

"पाँच सौ पचास," दादा म्हणाला.