टाकीत आंबे, विहिरीत मासे

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शहाणा माणूस अलिबागकडे फिरकत नाही. ऊन डोक्यात जातं, कपडे अंगाला चिकटतात आणि निम्मी मुंबई आपल्या आधीच तिथे पोचलेली असते. तरी आम्ही गेलो, ते माशांसाठी. खायच्या नव्हे, पाळायच्या.

या ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ब्रिसलनोज आहेत. बोटाएवढा तपकिरी मासा, तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खात बसतो. मोठा झाला की नराच्या नाकावर काट्यांची मिशी उगवते. मादी अंडी घालून मोकळी होते आणि हा मिशीवाला मातीच्या नळीत शिरून, खाणंपिणं सोडून, पिल्लं बाहेर पडेपर्यंत परांनी अंड्यांना वारा घालत बसतो. माझ्या नवऱ्याला, विकासला, मी हे वारंवार ऐकवते. तो दरवेळी पेपर उलटतो.

पिल्लं फार झाली की ती ठेवायची कुठे, घरातल्या टाकीत की अंगणातल्या, हा प्रश्न मला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय. मलाही तो पडलाच होता. घरात तापमान हातात राहतं आणि कोण आजारी, कोण उपाशी ते दिसतं. पण वाढ सावकाश होते आणि बेडरूमचं मत्स्यालय होतं. बाहेर ऊन, शेवाळ, डासांच्या अळ्या सगळं फुकट, पण खंड्या पक्षी आहे, पाण्यातले साप आहेत, उन्हाळा आहे. म्हणून मागच्या गणपतीत मी पिल्लांची एक तुकडी चौलजवळ माझ्या दादाकडे ठेवून आले होते. त्याच्या सुपारीच्या वाडीत झाडांखाली एक रिकामी सिमेंटची टाकी पडून होती. आता दुसरी तुकडी तयार झाली होती. पहिली जगली असेल तर हीसुद्धा तिकडेच, असं ठरवून आम्ही निघालो.

पेण-वडखळचा रस्ता टाळला. तिथले खड्डे आणि ट्रॅफिक पिल्लांना सोसलं नसतं, मलाही नसतं. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला गेलो. शनिवार-रविवारी जाणार असाल तर गाडीची जागा आधीच राखून ठेवा. बोटीवर गाडी खाली ठेवून माणसांनी वर जायचं असतं, म्हणून पिल्लांचा थर्माकोलचा डबा मी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "केक का वो?"

"नाही, मासे."

"मुंबईवरनं अलिबागला मासे?" त्यांनी ही बातमी उतरेपर्यंत सगळ्या डेकला पोचवली. विकास लांबच्या कठड्याला जाऊन उभा राहिला, जणू आमची ओळखच नाही.

मांडव्यापासून किहीम, अलिबाग, नागाव असा रस्ता. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या, त्या येताना घ्या, जाताना गाडीत वास भरतो. नागावला एका घरगुती खानावळीत जेवलो. बांगड्याची थाळी साडेतीनशेला, सोलकढी मागाल तितकी. डब्यासाठी पंख्याखाली वेगळी खुर्ची मागितली, मालकीणबाईंनी काही न विचारता दिली.

दादाकडे पोचले तशी चहाही न घेता वाडीत गेले. टाकीवर पेंढा रचलेला दिसला. वहिनीने सावली केली असणार, किती काळजी घेतात माझ्या माशांची, असं म्हणत मी पेंढा बाजूला सारला. खाली आंबे होते. पिकायला घातलेल्या आंब्यांची अढी, थरावर थर. टाकी कोरडी ठणठणीत. मी तशीच हातात पेंढा धरून उभी राहिले.

"वहिनी, माझे मासे कुठायत?"

वहिनी पदराला हात पुसत आली. "अवं वन्सं, चैतात टाकीचं पानी चहावानी तापाय लागलं. तुमचे चिकटे वर येऊन तोंडं उघडीत व्हते. मला न्हाय बघवलं. विहिरीत सोडले."

"विहिरीत?"

"मग? विहिरीत मासा असला की पानी चांगलं रहातं. आपल्या विहिरीत कवा न्हवता मासा?"

हे खरं होतं. लहानपणी पोहरा वर आला की त्यात एखादा इवला मासा यायचा आणि आई तो परत आत सोडायला लावायची. ज्या घरात विहिरीत मासा सोडणं हे पुण्याचं काम, तिथे तापलेल्या पाण्यातले मासे दुसरीकडे कुठे जाणार? वहिनीने त्यांना मरणातून काढलं होतं. तिला काय बोलणार?

विहीर जांभ्या दगडाची, आतून पायऱ्यांची. मे महिना असल्याने पाणी तळाला गेलेलं. शेवटच्या पायरीवर बसून मोबाइलचा टॉर्च पाण्यात मारला आणि मी आ वासला. पाण्याखालचे दगड घासून ठेवल्यासारखे लख्ख, आणि त्यांवर माझे ब्रिसलनोज. गेल्या वर्षी नखाएवढे दिले होते, आता हाताच्या बोटाहून लांब, काळेभोर, ठसठशीत. माझ्या घरी त्यांच्याच वयाचे भाऊबंद याच्या निम्मेही नाहीत. मिशा तर अशा की विकास म्हणाला, "हे आता मला भाऊजी म्हणतील." मग टॉर्च थोडा सरकला आणि खालच्या दगडावर तांदळाएवढी पिल्लं दिसली. विहिरीतच जन्मलेली.

त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते. उत्तर मिळालं होतं. बाहेरच. टाकीसुद्धा नको, विहीर. मनातल्या मनात हा लेख लिहूनही झाला होता. नवी पिल्लं दुसऱ्या दिवशी विहिरीत सोडायची असं ठरवून मी आंब्यांवर ताव मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आम्हाला गावच्या तळ्यावर घेऊन गेला. त्याचा मित्र रमाकांत तिथे पाग टाकतो, म्हणजे गोल फेकायचं जाळं. ताजी मरळ मिळेल अशी दादाला आशा होती. रमाकांतने जाळं ओढलं ते जड लागलं आणि तो शिवी हासडून खाली बसला. जाळ्यात वीतभर लांबीचे, खडबडीत पाठीचे, ठिपक्यांचे मासे होते, एक नव्हे, पुष्कळ. काटे जाळ्यात असे रुतलेले की तो विळ्याने दोरे कापून त्यांना सोडवत होता आणि काठावर भिरकावत होता. काठावर आधीचे वाळलेले पडले होते. त्यांना कावळेसुद्धा शिवले नव्हते.

मी एक उलटा करून पाहिला. तोंड चकतीसारखं, काचेला चिकटणारं. माझ्या माशांचा थोरला चुलत भाऊ. दुकानात हा बोटाएवढा असताना विकतात, टाकीत मावेनासा झाला की लोक कंटाळून तळ्यात सोडतात.

"ह्याचं नाव काय?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"ह्याला काय नाव न्हाय," रमाकांत म्हणाला. "धा वर्सांपूर्वी न्हवता. आता मरळ न्हाय, काय न्हाय, ह्योच. गेल्या साली वलगणीत पन गावला."

वलगण हा आमच्याकडे सणच असतो. पावसाळ्याच्या तोंडाला व्हाळ, म्हणजे ओढे, भरले की मासे प्रवाहाविरुद्ध चढत भातखाचरांत अंडी घालायला येतात आणि सगळं गाव टोपल्या घेऊन उतरतं. तेव्हाच्या माशाची चव वर्षभर पुन्हा येत नाही.

मी दादाकडे वळले. "दादा, आपली विहीर पावसात भरली की पाणी कुठे जातं?"

"कुठं जानार? काठावरनं पाटात, पाटानं व्हाळात."

"आणि वलगण?"

"त्याच व्हाळानं चढते." एवढं बोलून दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने काठावरच्या त्या माशांकडे बघितलं.

गेलं वर्षभर मला एकच भीती होती, की माझे मासे बाहेर मरतील. ते बाहेर इतके झकास जगतील, ही भीती बाळगायला हवी होती हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाऊस दारात होता. विहीर जुलैत तोंडापर्यंत भरते, मग वाहते. त्याआधी एकूण एक मासा बाहेर यायला हवा होता.

दादा विहिरीतला गाळ दरवर्षी मे अखेरीस काढतोच. तो म्हणाला, "आजच काढू." पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी गुंडाळला आणि पाणी सुपारीच्या आळ्यांत सोडलं, व्हाळाकडे थेंबही जाऊ दिला नाही. दादा आणि रमाकांत खाली उतरले. माझा नवरा, ज्याला मासे म्हटले की पेपर आठवतो, तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला. मी पाहतच राहिले. हे मासे जाळ्यात येत नाहीत, दगडाला चिकटून बसतात. त्यांना हातानेच सोडवावं लागतं आणि ते गालाचे काटे फुलवतात. वहिनी मधल्या पायरीवर बसून भांडी वर देत होती. तांदळाएवढी पिल्लं तिने चहाच्या गाळणीने टिपली. मध्येच म्हणाली, "वन्सं, मी सोडले म्हनून झालं का हे?"

"तुम्ही नसते सोडले तर टाकीतच मेले असते," मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि त्याने दोघींनाही बरं वाटलं नाही.

दुपारपर्यंत विहिरीचा तळ दिसला. पिंपं भरली. मग विकासने हाक मारली, "नंदा, इकडे एक आहे."

दोन दगडांच्या मध्ये एक खोल फट होती, आत अजून पाणी साचलेलं. टॉर्च मारला तर आत मिशी दिसली. चांगला थोराड नर, तोंड आमच्याकडे, आणि हलत होता फक्त त्याचा पर. मी काकडीची चकती फटीच्या तोंडाशी ठेवली. काकडी म्हणजे यांचा जीव की प्राण, चार-पाच मिनिटांत बाहेर येतात. आम्ही जेवून आलो. चकती तशीच. माडाच्या झापाची हीर, म्हणजे काडी, आत घालून डिवचलं, तर तो काटे फुलवून आणखी मागे सरकला. तेव्हा त्याच्या मागे मला नारिंगी घोस दिसला.

"अंडी हायत?" दादाने विचारलं. मी मान डोलावली.

दगड काढता येईल का विचारलं. दादा म्हणाला, हा दगड हलला तर वरची कड ढासळेल. आडव्या झऱ्यांचं पाणी परत चढायला लागलं होतं. उद्या ती फट पाण्याखाली जाणार आणि आठवड्याभराने त्यातून पिल्लं बाहेर पडणार, तोवर पाऊस लागला की विहीर पुन्हा उपसता येणार नाही. तो तिथून हलणार नव्हता. हलत नाहीत म्हणून तर मी त्यांचं सगळ्यांना कौतुक सांगत आले होते.

दादा वर गेला आणि घमेल्यात सिमेंट कालवून घेऊन आला. खाली उतरून माझ्यासमोर थापी धरून उभा राहिला. "नंदा, तूच सांग."

वहिनी वरून म्हणाली, "बाप हाय तो."

"लाव," मी म्हटलं.

माझ्या तोंडून हा शब्द इतका सरळ निघाला की मीच दचकले. दादाने तीन थापांत फट बुजवली. शेवटच्या थापेपर्यंत आत पर हलत होता, टॉर्च माझ्याच हातात होता. मी वर आले आणि आंब्यांच्या टाकीपाशी बसून रडले. विकास शेजारी येऊन बसला.

परतीला गाडीत माझ्या मांडीवर तोच थर्माकोलचा डबा होता, पिल्लं तशीच, आणि मागे झाकणाच्या बादल्यांत विहिरीतले सगळे. बोटीवर कोणी केकचं विचारलं नाही.

तर ज्यांनी विचारलं होतं त्यांना माझं उत्तर: पिल्लं घरात ठेवा. बाहेर ती जास्त भरतात, लवकर वाढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण तुमच्या अंगणातल्या टाकीचं पाणी पावसात कुठे जातं ते आधी बघा, आणि तुमच्या माघारी एखादं मायाळू माणूस त्यांना कुठे हलवेल तेही. विहिरीतले मासे ओळखीच्या लोकांनी घरच्या टाक्यांसाठी नेले, कंटाळा आला तर मलाच परत करायचे या बोलीवर. उरलेले बेडरूममध्ये आहेत. विकास हॉलमध्ये झोपतो.

जुलैत वहिनीचा फोन आला. विहीर भरली, काठावरून वाहायला लागली, पाटाच्या तोंडाला तिने जाळी बांधलीय आणि रोज सकाळी ती जाऊन बघते. "एक पन न्हाय दिसला, वन्सं." दादाने वलगणीतली एक मरळ माझ्यासाठी म्हणून ठेवली होती, ती शेवटी त्यांनीच खाल्ली.

कालपासून आमच्या घरच्या नराने नळी धरलीय. आत नारिंगी घोस आहे. मी काकडीची चकती नळीच्या अगदी तोंडाशी ठेवली. आज सकाळी विकासने टाकीत डोकावून सांगितलं, "खाल्लेली नाही. काढून टाक, पाणी नासेल."

"राहू दे थोडा वेळ," मी म्हटलं, आणि दुसरी कापायला गेले.